पाळकीय समुपदेशन शिकायचंय? नाशिकहून सुरुवात करणाऱ्यांसाठी

बारावीचा किंवा बीएचा निकाल लागला की उपासना संपल्यावर एखादी मुलगी, एखादा मुलगा घुटमळत थांबतो. "ताई, पाळकसाहेब म्हणाले, तू पास्टोरल कौन्सेलिंगला जा. ते शिकवतात कुठे? आणि पुढे नोकरी लागते का?" शरणपूर रोडला चहा घेता घेता हे उत्तर मी बऱ्याच जणांना तुकड्यातुकड्यांनी दिलं. कुणाला अर्धं, कुणाला घाईघाईत. म्हणून आता सगळं एका जागी लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. या कामाला दोन पाय लागतात. एक पाय ईश्वरविज्ञानाचा, म्हणजे थिऑलॉजीचा, आणि दुसरा मानसशास्त्राचा किंवा समाजकार्याचा. नुसती थिऑलॉजी केलेल्यांची मंडळीबाहेर नोकरी मागताना अडचण होते. नुसतं मानसशास्त्र केलेली माणसं, "देवानं माझंच लेकरू का नेलं?" हा प्रश्न आला की वही चाळू लागतात. दोन्ही पाय एकदम मिळत नाहीत, पण कुठला आधी आणि कुठला नंतर, हे पहिल्याच वर्षी ठरवता येतं.

हे काम नेमकं काय आहे

पाळक म्हणजे कळप राखणारा. पाळकीय समुपदेशन म्हणजे दुःखात, आजारात, अपराधी भावनेत, घरच्या भांडणात अडकलेल्या माणसाचं प्रशिक्षित कानांनी ऐकणं आणि त्याच्या श्रद्धेला त्या बोलण्यात जागा देणं. हे प्रवचन नव्हे आणि उपदेशही नव्हे. कॅथलिक मंडळींनी एक फरक नीट लक्षात ठेवावा. पापनिवेदन हा संस्कार आहे, तो धर्मगुरूच देतो आणि त्याची गुप्तता कधीच मोडता येत नाही. समुपदेशन सिस्टर करू शकते, प्रापंचिक माणूसही करू शकतो, पण तिथल्या गुप्ततेला कायद्याच्या मर्यादा आहेत. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

या शाखेची सुरुवात मला फार जवळची वाटते. अँटन बॉयसन हे अमेरिकेतले पाळक १९२०मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल होते. बरे झाल्यावर ते वूस्टरच्या मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णालयातले पाळक, झाले आणि १९२५च्या उन्हाळ्यात त्यांनी थिऑलॉजीच्या काही विद्यार्थ्यांना तिथे शिकायला आणलं. त्यांचं म्हणणं असं की ग्रंथ वाचता तशी माणसंही वाचायला शिका. रुग्ण हा जिवंत दस्तऐवज आहे. आज क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, थोडक्यात सीपीई, म्हणतात ते प्रशिक्षण इथून उगवलं. ज्यांच्या पद्धतीवर आज जगभरचे समुपदेशक काम करतात ते कार्ल रॉजर्सही आधी थिऑलॉजीच शिकत होते, मग मानसशास्त्राकडे वळले. मरणाऱ्या माणसांशी बोलायचं कसं, हा प्रश्न घेऊन १९६५मध्ये शिकागोतले थिऑलॉजीचे विद्यार्थी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांच्याकडे गेले आणि त्यांच्या पुढच्या कामाला तिथून दिशा मिळाली. म्हणजे या दोन विद्या पहिल्यापासून शेजारणी आहेत.

आपल्या गावाला तर हे नवीन वाटायला नको. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेला माणूस आपल्या तीर्थोपाध्यायांपुढे बसतो, वहीत आजोबा-पणजोबांची नावं निघतात आणि तो पहिल्यांदा मोकळेपणी रडतो. दुःखाला जागा करून देणं म्हणजे काय, ते तिथे दिसतं. प्रशिक्षण न घेताही काही माणसांना ते साधतं. बाकीच्यांना, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, ते शिकावं लागतं.

पायरी पहिली: फी भरण्याआधी तीन महिने बसून बघा

पाळकसाहेबांना किंवा फादरना सांगून मंडळीच्या भेटकामात जा. आजाऱ्यांच्या घरी, वृद्धाश्रमात, जमलं तर रुग्णालयात. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. तिथे सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्ती घेऊन रांगेत उभी असतात. एक दुपार तिथे स्वयंसेवक म्हणून उभे राहा आणि माणसं काय मागायला आली आहेत ते नुसतं ऐका. मूल होत नाही, नवऱ्याची दारू सुटत नाही, पोराला नोकरी नाही. तीन महिन्यांनंतरही घरी परतताना जीव थकलेला पण शांत असेल, तर पुढे जा. रोज रात्री ती दुःखं उशाशी येऊन बसत असतील, तर थोडं थांबा आणि कुणा मोठ्या माणसाशी बोला. त्यात कमीपणा काही नाही. स्वतःचं दुःख ताजं असताना या अभ्यासाला बसलं तर ते फार महागात पडतं.

पायरी दुसरी: पहिली पदवी नाशिकमध्येच करा

माझं मत स्पष्ट आहे. बारावीनंतर थेट सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, जाण्यापेक्षा आधी मानसशास्त्र घेऊन बीए करा. एचपीटी कॉलेज आहे, केटीएचएम कॉलेज आहे. घरून जाता येतं, खर्च आवाक्यात राहतो आणि तीन-चार वर्षांत माणूस थोडा पिकतोही. ज्यांची पदवी दुसऱ्याच विषयात झालीये त्यांनी खचून जाऊ नये. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, हा त्यांच्यासाठी उत्तम रस्ता आहे आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याला चांगली मागणी असते.

इथे एक सावधगिरी. आपल्या शहरात मुक्त विद्यापीठ आहे, त्यामुळे "बाहेरून करून टाकू" ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. पण २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन चालवायला मनाई केली आहे, कारण हा विषय आता २०२१च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे कुणी फोनवर "घरबसल्या सायकॉलॉजीची डिग्री" विकत असेल तर पैसे भरू नका.

पायरी तिसरी: थिऑलॉजी, आणि मान्यतेचा प्रश्न

प्रॉटेस्टंट मुलांसाठी जवळची जागा पुणे. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी पूर्वी यवतमाळला होती, १९८३मध्ये ती पुण्यात आली. तिथली पदवी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी जोडलेली आहे. हे कॉलेज १८१८चं, विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेलं. त्याला पदव्या देण्याची सनद १८२७मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिली, कारण ते गाव तेव्हा डॅनिश वसाहत होतं. पदवीधरांना बीडी, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, करावी लागते आणि त्यानंतर दोन वर्षांची एमटीएच, म्हणजे मास्टर ऑफ थिऑलॉजी. पाळकीय काळजी आणि समुपदेशन हा खास विषय तुम्हाला एमटीएचला घेता येतो. बीडीत त्याचे काही पेपर असतात, तेवढ्यावर स्वतःला समुपदेशक म्हणवून घेऊ नका.

कॅथलिक मुलामुलींसाठी पुण्यातच ज्ञानदीप आहे, पूर्वीचं ज्ञानदीप विद्यापीठ. १८९३मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालेली ही संस्था १९५५मध्ये पुण्यात आली. लोणावळ्याची साधना इन्स्टिट्यूट तर खास पाळकीय समुपदेशनासाठीच आहे. फादर अँथनी डिमेलो या येशूसंघीय धर्मगुरूंनी ती सुरू केली. सिस्टर्स आणि धर्मगुरू काही वर्षं काम करून तिथे येतात, स्वतःकडे आत वळून पाहायला. अगदी नवख्या माणसाने आधी थोडं काम करावं आणि मग तिथला विचार करावा.

दक्षिणेत जायची तयारी असेल तर वेल्लोर. काटपाडी स्टेशनवर उतरायचं. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा चॅप्लेन्सी विभाग रुग्णांच्या खाटेशी बसवून शिकवतो आणि ख्रिश्चन कौन्सेलिंग सेंटर ही वेगळी संस्थाही त्याच गावात आहे.

प्रवेश घेण्याआधी कार्यालयात एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा: "ही पदवी कुणाची?" सेरामपूरची पदवी ही विद्यापीठाची पदवी आहे. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या सेमिनरीही चांगल्या असतात आणि चर्चमधल्या कामाला ती मान्यता पुरते, पण सरकारी किंवा शाळेच्या नोकरीत ती विद्यापीठाच्या पदवीसारखी धरली जात नाही. हा फरक चार वर्षांनी कळला की माणूस कोसळतो. मी अशी दोन माणसं पाहिली आहेत.

पायरी चौथी: सीपीई, आणि 'औषध' हा शब्द

संपूर्ण शिक्षणात मला सर्वांत जास्त कशाने घडवलं असेल तर व्हर्बॅटिमने. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दन् शब्द लिहायचं, रुग्णाचं वाक्य, आपलं वाक्य, मधली शांतता, नजर कुठे होती तेसुद्धा. मग ते गटापुढे वाचायचं. अमेरिकेतल्या पद्धतीत सीपीईचं एक युनिट किमान ४०० तासांचं असतं, त्यातले १०० तास अशा वाचनाचे आणि मार्गदर्शनाचे. आपल्याकडे तास वेगवेगळे असतात, पण वही तीच.

माझं प्रत्यक्ष काम नाशिकमधल्या एका रुग्णालयात होतं आणि गट पुण्यात बसायचा. एका गुरुवारी मी निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांशी बोलले. पाय मोडून ते ट्रॅक्शनवर होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वहीत हे लिहिलं होतं:

रुग्ण १: पोरगं गेलं घरी. एकटंच हाये. बागेत औषध मारायचं राहिलंय.
मी १: काळजी करू नका काका, तो बघेल सगळं.
रुग्ण २: हां... बघंल.
मी २: देव आहे ना पाठीशी. प्रार्थना करू या?
रुग्ण ३: करा की.

शनिवारी मी हे अभिमानाने वाचलं. धीर दिला, प्रार्थना केली, काका शांत झाले. आमच्या मार्गदर्शक बाई मराठी नव्हत्या. त्यांनी विचारलं, "औषध मारणं म्हणजे काय?" मी फवारणी समजावून सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तुमच्या गावांत या शब्दाचा दुसरा काही अर्थ आहे का?"

माझ्या हातापायातलं बळ गेलं. 'औषध घेतलं' म्हणजे फवारणीचं विष पिऊन जीव द्यायला निघाला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी निफाडच्या शेजारची, आणि तो शब्द माझ्या कानावरून तसाच निघून गेला होता, कारण मला प्रार्थनेपर्यंत पोचायची घाई झाली होती.

सोमवारी सकाळी वॉर्डात जाऊन एवढंच म्हटलं, "काका, त्या दिवशी पोराचं बोलताना तुम्ही थांबलात." बराच वेळ ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गारपीट झाल्यापास्नं पोरगं बोलतच नाही बाई. आन् घरात औषधाचे डबे हायेत." तासाभरात त्यांच्या भावाला फोन झाला, डबे त्यांच्या घरून हलले, मुलाला दोन दिवसांत मानसोपचार विभागात दाखवलं. आज तो मुलगा बाग सांभाळतो.

म्हणून सांगते, अभ्यासक्रम निवडताना तिथे व्हर्बॅटिम लिहून घेतात का आणि ते कोण तपासतं, हे विचाराच. नसेल तर तो अभ्यासक्रम कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

मराठी सोडू नका

पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं वर्ष जड जातं, हे खरं. रोज दोन पानं मोठ्याने वाचा, सहा महिन्यांत जमतं. धोका उलट बाजूला आहे. दोन वर्षांत जिभेवर डिप्रेशन, ट्रॉमा, बाउंड्री असे शब्द बसतात आणि समोरची बाई म्हणते, "जीव घाबरा होतो", "पोटात कालवाकालव होते", "कशातच मन लागत नाही", "आतून पोखरल्यासारखं झालंय". हे चार वेगळे त्रास आहेत. त्यांना एकच इंग्रजी नाव देऊन मोकळं होऊ नका. मी अजूनही एक छोटी वही ठेवते, माणसांनी दुःखासाठी वापरलेल्या शब्दांची. पेठ-सुरगाण्याकडे काम करायचं असेल तर कोकणा बोलीतले शब्द तिथल्याच माणसांकडून शिका. तिकडे आजारपणात पहिली फेरी भगताकडे होते. त्याला हसणाऱ्या माणसाला कुणी आपलं दुखणं सांगत नाही.

कायदा आणि मर्यादा

हे पाठ असलंच पाहिजे. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे २०१२च्या कायद्याच्या, कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "बाईंना विश्वासाने सांगितलं होतं" ही सबब चालत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत सांगायचं की तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील, पण कुणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असेल तर मला बोलावं लागेल. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलिसांची भीती वाटते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं की तो माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. हे त्याच्या घरच्यांना समजावून सांगणं हेही आपलंच काम. टेली-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन नंबर फोनमध्ये असू द्या.

कुणाला आवाज ऐकू येत असतील, कुणी दिवसेंदिवस झोपत नसेल, तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात पाठवायचं. प्रार्थना औषधाबरोबर चालू राहू दे, औषधाच्या जागी नको. 'भूत काढतो' म्हणून माणसाला मारहाण करणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग ते काढणारा कुठल्याही धर्माचा असो. रुग्णालयात काम करताना आणखी एक नियम: प्रार्थना रुग्णाने मागितली तरच, आणि त्याच्या श्रद्धेचा मान राखून. खाटेवर पडलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. त्याच्या त्या अवस्थेत धर्मप्रचार करणं अन्याय आहे.

मंडळीतली गुप्तता सगळ्यात अवघड. आपली मंडळी लहान. शुक्रवारी जिने नवऱ्याचं सांगितलं ती रविवारी पुढच्याच बाकावर असते. सुरुवातीच्या काळात एका प्रार्थनासभेत मी नाव न घेता एका घरासाठी प्रार्थना केली होती. सगळ्यांनी ओळखलं. ती बाई परत कधी माझ्याकडे आली नाही, आणि चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून कुणाचंही दुःख, नाव घेऊन किंवा न घेता, मी चारचौघांत नेत नाही.

नोकरी कुठे लागते

चर्चमधलं पाळकपद आणि समुपदेशनसेवा हा एक मार्ग. मानधन बहुतेक ठिकाणी तुटपुंजं असतं, घरच्यांशी आधीच स्पष्ट बोला. मिशनरी रुग्णालयांतलं चॅप्लेनचं काम हा दुसरा मार्ग. मिरजेचं वॉन्लेस रुग्णालय १८९४मध्ये सुरू झालं, जालन्याला आहे, वेल्लोर तर आहेच. जागा थोड्या असतात, पण शिकायला याहून चांगली जागा नाही. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा आणि व्यसनमुक्ती केंद्रं इथेही अशी माणसं लागतात. नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह आहे. तुरुंगसेवा बहुतेक ठिकाणी स्वयंसेवेची असते, पण कैद्याच्या घरच्यांपर्यंत जाणारं माणूस तिथे फार मोलाचं ठरतं.

पगाराची नोकरी बहुधा दुसऱ्या पायावर मिळते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. नाशिकमधल्या शाळा आणि कोचिंग क्लासेस मोजा, म्हणजे कामाचा अंदाज येईल. कुटुंब न्यायालयातल्या विवाह समुपदेशकासाठी एमएसडब्ल्यू आणि कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव बघतात. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी मात्र रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही. एमटीएच झालं म्हणून ती लावू नका.

अर्ज भरताना

पाळकसाहेबांचं शिफारसपत्र, मंडळीच्या सभासदत्वाचा दाखला, गुणपत्रकं हे सगळं एप्रिलच्या आत गोळा करा. मुलाखत जवळपास सगळीकडे असते आणि तिच्यासाठी पाठांतर उपयोगाचं नाही. मी अर्जात लिहिलं होतं, "मला लोकांना मदत करायची आहे." समोरच्या सरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुला शेवटची मदत कुणी केली होती?" मला आठवायला इतका वेळ लागला की मी लाजले. मग आई गेली तेव्हा तेरा दिवस काही न बोलता आमच्या ओसरीवर येऊन बसणाऱ्या शेजारच्या मावशींचं सांगितलं. त्या प्रश्नाचं तुमचं उत्तर अर्जाला हात लावण्याआधी एका कागदावर लिहा. आधी मराठीत. इंग्रजी नंतर करता येतं.